झाकली मूठ, उघडी मूठ: हॅकिंगच्या काळात अणुबॉम्बचा धाक

लोकलच्या गर्दीत ज्यांना हेडफोन लावणं जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय.

तुमच्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. शब्द वेगळे, पण मुद्दा एकच: ‘आपल्याकडे एवढे सॉफ्टवेअरवाले आहेत. मग समोरच्याची अण्वस्त्रं सरळ हॅक का करून टाकत नाही? त्याने बटण दाबलं तरी काही उडायलाच नको. ना युद्ध, ना रक्तपात.’

प्रश्न रास्त आहे. मोठमोठ्या देशांच्या सेनापतींनाही हा मोह गेली चाळीसेक वर्षं पडतोय. काहींनी त्या दिशेने पावलंही टाकली. माझं मत आधीच सांगून टाकतो: तांत्रिकदृष्ट्या यातलं काही कदाचित जमेलही, पण ज्या शेजाऱ्याकडे आधीच अणुबॉम्ब आहे त्याच्या बटणाशी चोरून खेळणं म्हणजे आपल्याच घराला आग लावण्याची तयारी. असं का, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागेल.

धाक कशावर उभा असतो?

इंग्रजीतल्या ‘डेटरन्स’ला मराठीत प्रतिरोधन वगैरे शब्द आहेत. मला आपला साधा ‘धाक’ पुरतो. गावातल्या पैलवानाला रोज मारामारी करावी लागत नाही. तालमीत घाम गाळताना लोकांनी त्याला पाहिलेलं असतं, तेवढं पुरतं. बर्नार्ड ब्रॉडी नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९४६ मध्येच लिहून ठेवलं होतं, की आजवर सैन्याचं मुख्य काम युद्ध जिंकणं होतं, इथून पुढे ते युद्ध टाळणं हे असेल.

पण या धाकाच्या काही अटी आहेत. तू मला आधी मारलंस, तरी मी उलटून मारू शकतो, ही पहिली. हे तुला पक्कं ठाऊक आहे, ही दुसरी. आणि तिसरी, जी लोक विसरतात: तू गप्प बसलास तर मी तुला मारणार नाही, याचीही तुला खात्री आहे. या तिन्ही गोष्टी समोरच्याला कळलेल्या असाव्या लागतात. म्हणून तर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात क्षेपणास्त्रं मिरवतात, मॉस्कोच्या लाल चौकातूनही मिरवतात. पाणबुडीतून क्षेपणास्त्राची चाचणी झाली की लगेच जाहीर करतात. धाक ही उघड्या मुठीची गोष्ट आहे.

स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६४ सालच्या ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ या सिनेमातला सगळ्यात कडू विनोद हाच आहे. रशियनांनी अख्खं जग संपवणारं एक यंत्र बनवलेलं असतं, पण त्याबद्दल कुणाला सांगितलेलंच नसतं. मग त्याचा उपयोग काय?

अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांना ही गोष्ट इतकी पटली होती, की त्यांनी तिचे करार केले. ३० सप्टेंबर १९७१ च्या करारात दोघांनी कबूल केलं, की क्षेपणास्त्रांची सूचना देणाऱ्या आपल्या यंत्रणेत किंवा तिच्या दळणवळणात कुणी ढवळाढवळ करतंय अशी चिन्हं दिसली आणि त्यातून अणुयुद्धाचा धोका वाटला, तर लगेच एकमेकांना कळवायचं. मे १९७२ मध्ये आणखी पुढची पायरी. एकमेकांची शस्त्रं मोजणाऱ्या उपग्रहांच्या कामात आडकाठी करायची नाही. म्हणजे बघा, ऐन शीतयुद्धात दोन कट्टर वैऱ्यांनी एकमेकांच्या टेहळणीला संरक्षण दिलं! कारण समोरच्याला काही दिसेनासं झालं तर तो घाबरेल, आणि घाबरलेल्याच्या हातात बॉम्ब असणं सगळ्यात वाईट, हे दोघांनाही कळत होतं.

आता सायबर हत्याराकडे वळू. ते नेमकं उलट्या स्वभावाचं आहे. शत्रूच्या सॉफ्टवेअरमधलं एखादं भोक तुम्हाला सापडलं, तर ते गुपित असेपर्यंतच कामाचं. ‘मी तुझी यंत्रणा बंद पाडू शकतो’ असं जाहीर करा. संध्याकाळपर्यंत तो भोक बुजवून मोकळा. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण सायबर हत्याराला तंतोतंत लागू पडते. एरिक गार्ट्झ्के आणि जॉन लिंडसे या दोन अभ्यासकांनी २०१७ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: अण्वस्त्रांचा धाक दाखवण्यावर चालतो, सायबर हल्ला लपवण्यावर. दोन्ही एकाच मैदानात उतरले की गोंधळ होणार.

पडद्यावरचं खोटं: चुकून आलेलं

हॅकिंगच्या आधी साध्या बिघाडाच्या गोष्टी बघू. संगणकाचा पडदा खोटं बोलला तर काय होतं, याचे धडे जगाला फुकटात मिळालेत.

९ नोव्हेंबर १९७९. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या एका डोंगराच्या पोटात तेव्हा नोरॅड या हवाई संरक्षण यंत्रणेचं केंद्र होतं. तिथल्या पडद्यांवर अचानक सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा मोठा हल्ला दिसू लागला. लढाऊ विमानं उडाली. राष्ट्राध्यक्षांसाठी राखीव असलेलं हवाई नियंत्रण विमानसुद्धा उडालं, राष्ट्राध्यक्षांना न घेताच! चौकशीत कळलं, की सरावासाठी बनवलेला हल्ल्याचा देखावा खऱ्या यंत्रणेत शिरला होता.

पुढच्या वर्षी जूनमध्ये पुन्हा तेच. या वेळी पडद्यावर शून्याच्या जागी मधूनमधून २ हा आकडा उमटत होता. क्षेपणास्त्रं शून्य असताना कधी २, तर कधी २०० च्या घरात. बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांनी धावत जाऊन इंजिनं सुरू केली. दोष निघाला एका चिपमध्ये. तिची किंमत होती ४६ सेंट, म्हणजे अर्ध्या डॉलरपेक्षाही कमी.

आणि मग १९८३. त्या वर्षी १ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं गेली. वातावरण तापलेलं. तशात २६ सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर, मॉस्कोच्या दक्षिणेला असलेल्या सेर्पुखोव्ह-१५ या तळघरात भोंगा वाजला. उपग्रह सांगत होता, अमेरिकेतून एक क्षेपणास्त्र सुटलंय. मग आणखी चार. ड्यूटीवर होता ४४ वर्षांचा लेफ्टनंट कर्नल स्टॅनिस्लाव पेट्रोव्ह. त्याने वर कळवलं: यंत्रात बिघाड आहे.

त्याच्याकडे पुरावा नव्हता. पण तर्क होता. अमेरिका हल्ला करायचं म्हणाली तर पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? जमिनीवरच्या रडारवर काही दिसत नव्हतं. उपग्रहांची यंत्रणाही नवी होती, तिच्यावर त्याचा पूर्ण भरवसा नव्हता. नंतर कळलं, की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्रांच्या ज्वाळांसारखं दिसलं होतं.

पेट्रोव्हची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी रील्समध्ये पाहिली असेल. तिथे तो जग वाचवणारा हीरो असतो, आणि ते खरंही आहे. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. पेट्रोव्हला ताडून बघायला दोन वेगवेगळ्या यंत्रणा होत्या, उपग्रह आणि रडार. दोघांची साक्ष जुळली नाही, म्हणून त्याला शंका घेता आली. आता कल्पना करा, कुणीतरी मुद्दाम दोन्ही पडद्यांवर एकच खोटं दाखवलं असतं तर?

राष्ट्राध्यक्षांनी सिनेमा पाहिला

पेट्रोव्हच्या त्या रात्रीआधी चार महिने, ४ जून १९८३ ला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सुटीच्या मुक्कामी ‘वॉरगेम्स’ हा नवा सिनेमा पाहिला. एक शाळकरी पोरगा घरच्या संगणकावरून मोडेम लावून नोरॅडच्या संगणकात शिरतो, त्याला वाटतं आपण व्हिडिओ गेम खेळतोय, आणि जग अणुयुद्धाच्या तोंडाशी येतं, अशी कथा.

रेगन स्वतः जुने नट. दुसरा एखादा नेता सिनेमा बघून झोपला असता. त्यांनी पुढच्याच आठवड्यात बैठकीत सगळ्यांना कथा सांगितली आणि लष्करप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल जॉन व्हेसी यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? व्हेसी आठवड्याने उत्तर घेऊन आले. प्रकरण तुम्हाला वाटतं त्यापेक्षा वाईट आहे, असा त्याचा मथितार्थ. त्यातूनच सप्टेंबर १९८४ मध्ये संगणक सुरक्षेबद्दलचा अमेरिकेचा एक सुरुवातीचा अध्यक्षीय आदेश निघाला. ही सगळी हकिगत फ्रेड कॅप्लन या पत्रकाराने तपशिलात लिहिली आहे.

इथे एक विरोधाभास बघा. अमेरिकेच्या भूमिगत क्षेपणास्त्र तळांशी जोडलेल्या आदेश यंत्रणेत २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपी डिस्क वापरात होत्या. तुमच्यातल्या बहुतेकांनी फ्लॉपी फक्त ‘सेव्ह’च्या चिन्हात पाहिली असेल. लोक त्यावर खूप हसले. पण ती यंत्रणा इतकी जुनी होती, की ती इंटरनेटला जोडलेलीच नव्हती. हॅक करणार कशी? उलट, अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये नव्याने विकसित होणाऱ्या शस्त्रप्रणालींबद्दल अहवाल दिला, तेव्हा एका ठिकाणी तपासणाऱ्यांनी ॲडमिनचा पासवर्ड ९ सेकंदांत ओळखल्याचं त्यात होतं. नवं ते सोनंच असतं असं नाही.

गुपित विकलं गेलं तेव्हा

‘समोरच्याची यंत्रणा आतून बंद पाडू’ हा विचारही त्याच काळातला. शीतयुद्धाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेकडे ‘कॅनोपी विंग’ या सांकेतिक नावाची एक योजना होती. युद्ध पेटलंच, तर सोव्हिएत सेनापतींचा आपल्या सैन्याशी असलेला रेडिओ संपर्क इलेक्ट्रॉनिक मार्गांनी तोडायचा, हा तिचा गाभा. डोकं आणि हात यांच्यातली नसच कापायची.

पश्चिम बर्लिनमध्ये टेहळणी केंद्रावर काम करणारा जेम्स हॉल नावाचा अमेरिकी सैनिक पैशांसाठी कागदपत्रं पूर्व जर्मनीला आणि सोव्हिएत हेरांना विकत होता. त्यात ही योजनाही गेली. हॉल १९८८ च्या डिसेंबरात पकडला गेला, पुढच्या वर्षी त्याला ४० वर्षांची शिक्षा झाली.

आता विचार करा, या काळात नेमकं काय घडत होतं. अमेरिकी सेनापतींना वाटत असणार की आपल्याकडे हुकमाचं पान आहे. सोव्हिएत बाजूला ते पान आधीच दिसलेलं होतं. आणि सोव्हिएतांना ते दिसलंय, हे अमेरिकेला माहीत नव्हतं. अशा स्थितीत संकट आलं असतं तर एक बाजू भलत्याच आत्मविश्वासाने पुढे गेली असती, आणि दुसरी मागे हटली नसती. झाकल्या मुठीचा हाच धोका असतो. ती किती रिकामी आहे, हे कधीकधी मूठवाल्यालाही ठाऊक नसतं.

पडद्यावरचं खोटं: मुद्दाम पेरलेलं

जून २०१०. बेलारूसमधल्या एका छोट्या अँटिव्हायरस कंपनीकडे इराणमधून तक्रार आली, संगणक सारखा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतोय. शोधता शोधता जे सापडलं, त्याला पुढे स्टक्सनेट असं नाव पडलं.

इराणमधल्या नतान्झ इथे तेव्हा युरेनियमचं समृद्धीकरण चालायचं. त्यासाठी सेंट्रिफ्यूज नावाचे उभे नळकांडे प्रचंड वेगाने फिरवतात. या यंत्रांना चालवणारे नियंत्रक सीमेन्स कंपनीचे होते, आणि ते इंटरनेटला जोडलेले नव्हते. मग किडा आत गेला कसा? पेनड्राइव्हसारख्या मार्गाने, माणसांच्या खिशातून.

आत गेल्यावर त्याने लगेच धुडगूस घातला नाही. नेहमी १,०६४ हर्ट्‌झच्या आसपास चालणारी यंत्रणा त्याने अधूनमधून १,४१० पर्यंत नेली, तीही पंधरा मिनिटंच. मग जवळपास महिनाभर शांत. मग वेग थेट २ हर्ट्‌झवर आणून पुन्हा नेहमीचा. यंत्रं झिजत, तुटत गेली. २००९ च्या अखेरीस आणि २०१० च्या सुरुवातीला तिथली सुमारे हजार सेंट्रिफ्यूज काढून टाकावी लागली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अमेरिका आणि इस्रायल यांनी हे मिळून केलं, असं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१२ मध्ये सविस्तर छापलं. दोन्ही देशांनी अधिकृत कबुली दिलेली नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती आणखी एक युक्ती. तोडफोड चालू असताना स्टक्सनेट नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर आधी नोंदवून ठेवलेले नेहमीचे आकडे दाखवत होतं. चोर दुकान लुटतोय आणि सीसीटीव्हीवर कालचं शांत दुकान दिसतंय, तसं. समोर बसलेल्या इंजिनिअरला सगळं ठीक दिसत होतं.

पेट्रोव्हला पडद्यावर हल्ला दिसला, पण हल्ला नव्हता. नतान्झच्या इंजिनिअरला पडद्यावर शांतता दिसली, पण हल्ला चालू होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की पुढचा प्रश्न आपोआप पडतो: मग पडद्यावर विश्वास ठेवायचा कधी?

कुणी म्हणेल, बॉम्ब टाकण्यापेक्षा हे बरं नाही का? एक फरक लक्षात घ्या. त्या वेळी इराणकडे अणुबॉम्ब नव्हता. पडदा खोटं बोलतोय हे कळल्यावरही घाबरून दाबायला त्यांच्याकडे बटण नव्हतं. ज्याच्याकडे ते आहे, त्याची गोष्ट वेगळी.

सुटण्याआधीच पाडायचं

ती वेगळी गोष्ट उत्तर कोरियाची. मार्च २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली, की ओबामांनी तीन वर्षांपूर्वी उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमावर सायबर आणि इलेक्ट्रॉनिक हल्ले वाढवायला सांगितलं होतं. क्षेपणास्त्र हवेत पाडणं अवघड, महागडं. मग ते सुटण्याआधीच, किंवा सुटता सुटता फसवायचं.

२०१६ मध्ये उत्तर कोरियाच्या मुसुदान क्षेपणास्त्राच्या बहुतेक चाचण्या फसल्या होत्या. सायबर हल्ल्यांमुळे? की घाईघाईत बनवलेल्या मालाचा दर्जाच खराब होता म्हणून? तज्ज्ञांमध्ये यावर मतभेद आहेत, आणि मला तेच सगळ्यात बोलकं वाटतं. पुढच्याच वर्षी, ४ जुलै २०१७ ला, उत्तर कोरियाने आंतरखंडीय क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी केली आणि नोव्हेंबरअखेर त्याहून मोठ्या क्षेपणास्त्राची.

आता प्याँगयाँगमधल्या सेनापतीच्या खुर्चीत बसून बघा. बातमी वाचलीये. आपलं क्षेपणास्त्र ऐनवेळी उडेल की नाही, याची खात्री नाही. मग तो काय करेल? जास्त क्षेपणास्त्रं बनवेल. ती विखरून ठेवेल. संपर्क तुटला तरी सोडता यावीत म्हणून खालच्या अधिकाऱ्यांना जास्त मोकळीक देईल. आणि खरोखरचं संकट आलं, तर ‘निकामी व्हायच्या आत वापरून टाक’ असं त्याचं मन त्याला सांगेल. यातली एकही गोष्ट जगाला सुरक्षित करत नाही.

आणखी एक पेच आहे. समजा एखाद्या देशाला आपल्या अण्वस्त्रांच्या दळणवळणात परकं सॉफ्टवेअर सापडलं. ते फक्त बघायला आलंय की वेळ आली की गळा दाबायला? हेरगिरीचा आणि हल्ल्याचा किडा सुरुवातीला सारखाच दिसतो. रात्री घरात शिरलेल्या माणसाला ‘तू नुसता बघायला आलायस ना?’ असं कुणी विचारत नाही. अमेरिकेने तर २०१८ च्या आपल्या अण्वस्त्र धोरणात लिहूनच टाकलं, की आमच्या अण्वस्त्रांवर, त्यांच्या नियंत्रणावर किंवा धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेवर मोठा हल्ला झाला, मग तो अण्वस्त्रांचा नसला तरी, आम्ही अण्वस्त्र वापरण्याचा विचार करू शकतो. सायबर हा शब्द त्या वाक्यात नव्हता, पण बहुतेक अभ्यासकांनी तो त्यात वाचला.

आपल्या अंगणात

आता घरी येऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या सायबर सुरक्षा संस्थेने, म्हणजे सर्ट-इनने, मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा महामंडळाला कळवलं, की तुमच्या यंत्रणेत मालवेअर आहे. प्रकरण होतं तमिळनाडूतल्या कुडनकुलम प्रकल्पाचं. ऑक्टोबरच्या शेवटी बातमी फुटली. आधी प्रकल्पाकडून खुलासा आला, की आमच्या नियंत्रण यंत्रणेवर असा हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, महामंडळाने मान्य केलं, की प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात मालवेअर सापडलं होतं. अणुभट्टीचं नियंत्रण वेगळं आणि सुरक्षित होतं, हेही सांगितलं. दोन्ही निवेदनांत तसा थेट विरोध नाही. पण आधी ‘शक्य नाही’ आणि मग ‘थोडंसं झालं होतं’ असं ऐकल्यावर सामान्य माणसाचा भरवसा जातो, आणि या विषयात भरवसा हेच मुख्य भांडवल.

दुसरी घटना सायबर हल्ल्याची नाही, पण आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. ९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, कुणी दगावलं नाही. पाकिस्तानी लष्कराच्या म्हणण्यानुसार ते त्यांच्या हद्दीत जवळपास पावणेचार मिनिटं होतं. आपल्या सरकारचं निवेदन आलं ११ मार्चला. ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं.

समजा तो दिवस शांततेचा नसता. समजा समोरच्याच्या पडद्यावर त्याच वेळी कुणी तिसऱ्यानेच आणखी चार ठिपके पेरले असते. पावणेचार मिनिटांत तुम्ही चहासुद्धा नीट उकळू शकत नाही.

आणि हो, तुमच्या-माझ्या हातातला पडदाही यातून सुटत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये इस्रायलने पाकिस्तानला अण्वस्त्रांची धमकी दिल्याची एक खोटी बातमी एका वेबसाइटवर आली. पाकिस्तानचे तत्कालीन संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ यांनी ती खरी मानून ट्विटरवर इस्रायलला आठवण करून दिली, की आमच्याकडेही अण्वस्त्रं आहेत. इस्रायलला सांगावं लागलं, अहो, आम्ही असं काही बोललोच नाही! मे २०२५ मधल्या संघर्षानंतर किराणा टेकड्यांमधून किरणोत्सर्ग होतोय, असे मेसेज आपल्याकडे किती फिरले ते आठवा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही असं सांगितलं, तोवर ते फॉरवर्ड घरोघरी पोचले होते. त्याच संघर्षाच्या काळात भारतावर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाले, त्यातले १५० यशस्वी ठरले, असं महाराष्ट्र सायबरने सांगितलं होतं. म्हणजे गोळीबार चालू असताना पडद्यांवरचं युद्धही चालूच होतं. त्या गदारोळात अण्वस्त्रांशी जोडलेल्या एखाद्या यंत्रणेला धक्का लागला असता, तर तो हेतूने लागला की चुकून, हे कोण आणि किती वेळात ठरवणार होतं?

मग करायचं काय?

हॅक करता येत असेल तरी करू नये, हे म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी काय, तेही सांगायला हवं.

पहिली गोष्ट वेळ. भारताने जानेवारी २००३ मध्ये अधिकृतपणे जाहीर केलेलं धोरण आहे, की अण्वस्त्रं आपण आधी वापरणार नाही. यावर नैतिक बाजूने खूप बोललं जातं. मला त्याची एक व्यवहारी बाजूही दिसते. ज्याला पहिला वार करायचा नाही, त्याला पडद्यावर ठिपका दिसताच बटणाकडे धावायचं कारण नाही. तो थांबू शकतो, दुसऱ्या यंत्रणेला विचारू शकतो, शंका घेऊ शकतो. खोट्या पडद्यावर इतका चांगला उपाय कुठल्याही अँटिव्हायरसमध्ये नाही. अट एकच: वार झेलूनही आपली अण्वस्त्रं आणि त्यांना आदेश पोचवणारी यंत्रणा शाबूत राहिली पाहिजे. म्हणजे आपला पैसा आणि आपली हुशार पोरं आधी तिथे लागली पाहिजेत, स्वतःची भोकं बुजवण्यात.

दुसरी गोष्ट माणूस. नोव्हेंबर २०२४ मध्ये बायडेन आणि शी जिनपिंग यांनी पेरूची राजधानी लिमा इथल्या भेटीत मान्य केलं, की अण्वस्त्रं वापरायचा निर्णय माणसाच्याच हातात राहिला पाहिजे, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नाही. एवढ्या उघड गोष्टीवर दोन महासत्तांना जाहीरपणे बोलावं लागतं, यातच काळ कळतो.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याशी बोलणं. भारत-पाकिस्तानमध्ये ३१ डिसेंबर १९८८ चा एक करार आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांचा नाश किंवा नुकसान होईल असं काहीही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, करायचं नाही. आपल्याकडे तेव्हा इंटरनेटचा मागमूसही नव्हता, पण ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात सायबर हल्ला सहज बसतो. दोन्ही देशांनी एका ओळीचं निवेदन काढून तसं स्पष्ट केलं, तर कुणाचं काही जाणार नाही. मात्र करार आहे अणुकेंद्रांचा. अण्वस्त्रांच्या आदेश यंत्रणेबद्दल त्यात काही नाही. २००५ मध्ये चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा करार झाला, तोही फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांचा. अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १९७१ मध्ये जे कबूल केलं होतं, की सूचना यंत्रणेत ढवळाढवळ दिसली तर आधी फोन करू, तशा कलमाची आज आपल्या उपखंडाला फार गरज आहे.

‘पाकिस्तानवर विश्वास ठेवायचा?’ असं तुम्ही विचाराल. विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही. रशिया-अमेरिकेचा तरी कुठे होता? विश्वास नसतो तिथेच करार लागतो. आणि हा करार टिकतो, याचा पुरावाही आहे. त्याच करारानुसार १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबादेत दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिल झालं, २६/११ झालं, बालाकोट झालं, तरी यादी गेली. आपल्या तारापूर-तुर्भ्यापर्यंतची माणसं ज्या करारामुळे थोडी निवांत झोपतात, त्याची बातमी दर वर्षी पेपरात दोन ओळींची असते आणि आपण शुभेच्छांच्या मेसेजेसमध्ये ती वाचतही नाही.

येत्या १ जानेवारीला तेवढी शोधून वाचा. आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं की ‘हॅक करून टाका’, तर हा भाग त्याला पाठवा, मग भांडा. मतभेद असतील तर मला मेसेज करा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोवर काळजी घ्या, आणि फॉरवर्ड करायच्या आधी दोनदा बघा.